विशेषणांची आतषबाजी

दिवाळी अंक हाती पडला की पुष्कळ घरांत तो आधी जाहिरातींसाठी चाळला जातो. कथा, कविता, राशिभविष्य हे सारे मागाहून. अगोदर साबण, उटणे, केशतेल, शालू, सोन्याचे दागिने, बँकेच्या ठेवी आणि हप्त्यांवर मिळणाऱ्या सदनिका! त्यात वावगे काही नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही प्रथा पडली. ती आजवर टिकली त्यात लेखकांच्या प्रतिभेइतकाच जाहिरातदारांच्या पैशाचाही वाटा आहे. जाहिरातीला नाके मुरडणाऱ्याने अंकाचा छपाईखर्च एकदा स्वतःच्या खिशातून देऊन पाहावा!

शिवाय जाहिरात ही मोठी प्रामाणिक बाई आहे. ती आपल्या चौकटीत बसते. तेलाचा कारखानदार चौकटीत बसून सांगतो, की असे तेल त्रिभुवनात नाही. आपण हसतो, आणि वाटल्यास बाटली विकत घेतो. बोलणारा कोण, त्याला काय विकायचे आहे, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. त्यामुळे तिथे फसवणूक अशी होत नाही. लग्नाच्या मांडवात वरमाईने आपल्या मुलाचे गुण गायिले तर कोणी पुरावा मागत नाही, त्यातलाच हा प्रकार.

घोटाळा होतो तो ही बाई चौकट ओलांडून शेजारच्या पानात शिरते तेव्हा. आणि त्यातही कोशाच्या पानात शिरते तेव्हा. आज बोलायचे आहे ते त्याविषयी.

कोश म्हणजे काय, हे मराठी माणसाला निराळे सांगायला नको. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड १९२० च्या दशकात पुरे केले. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी १९३२ ते १९४६ या काळात प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश दिले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली 'मराठी विश्वकोशा'चे काम चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. हे जाडजूड ग्रंथ ज्यांच्या घरी होते त्यांच्याकडे शेजारची मुले निबंधासाठी येऊन बसत. आता कोश कपाटातून उठून खिशात आला आहे. विकिपीडिया इंग्रजीत २००१ साली सुरू झाला, मराठीत २००३ साली. आज एखाद्या किल्ल्याची उंची, एखाद्या औषधाचे दुष्परिणाम, एखाद्या महाविद्यालयाची मान्यता, काहीही हवे असले तरी घरातले नववीतले पोर तो दोन मिनिटांत काढून दाखवते.

गंमत अशी की कोश विकायला जाहिरात लागतेच. केतकरांनी ज्ञानकोशासाठी भागभांडवलाची मंडळी काढली आणि भाग खपवण्यासाठी, वर्गणीदार मिळवण्यासाठी पायपीट केली. तिकडे १८९८ साली लंडनच्या 'टाइम्स'ने 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या नवव्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण हप्त्यांवर विकायला काढले, आणि अमेरिकन पुस्तकविक्रेते होरेस हूपर यांनी त्यासाठी जाहिरातींचा असा मारा केला की इंग्रज मंडळी बेजार झाली. पण हा सारा गाजावाजा कोशाच्या पुठ्ठ्याबाहेर होता. पुठ्ठा उघडून आत शिरले की आवाज बंद! आत लिहिणाऱ्याने वस्तू काय आहे ते सांगायचे; ती घ्या असे म्हणायचे नाही. ज्ञानकोश विकणारा माणूस निराळा आणि ज्ञानकोशात लिहिणारा निराळा. तो एकच देह असला तरी त्याने टोपी बदलायची, हा यातला धर्म.

छापील कोशात हा धर्म पाळणे काहीसे सोपे होते. दारावर संपादक बसलेला असे. विकिपीडियाचे दार मात्र सर्वांना उघडे. वाईच्या विद्वानाला उघडे, आणि वर्डात निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या भाऊसाहेबांच्या पुतण्यालाही उघडे. हे दार उघडे आहे म्हणूनच त्या कोशात लक्षावधी लेख झाले, हे विसरता कामा नये. पण उघड्या दारातून वाराही येतो आणि धूळही. मग तिथे एखाद्या सकाळी असा लेख उगवतो:

'हे महाराष्ट्राच्या मातीतील एक बहुआयामी, ध्येयवेडे व चतुरस्र व्यक्तिमत्त्व असून त्यांनी अथक परिश्रम व असामान्य दूरदृष्टी यांच्या बळावर आपल्या क्षेत्रात अढळ स्थान निर्माण केले आहे. त्यांचे योगदान शब्दांत मांडणे अशक्य आहे.'

शब्दांत मांडणे अशक्य आहे तर मग लेख कशाला, हा प्रश्न सोडून द्या. पण वाचकहो, हे गृहस्थ कोण असावेत, ओळखा पाहू! पेढेवाले, शल्यविशारद, नगरसेवक, की गझल गाणारे? चौघांनाही हा अंगरखा बरोबर बसतो. एवढेच नव्हे, तो कुणाच्या अंगावर ढिलासुद्धा होत नाही. जे वाक्य कोणालाही लावता येते ते कोणाविषयीच काही सांगत नाही, ही ह्या भाषेची खरी ओळख आहे.

इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी अशा शब्दांना नाव ठेवले 'मोर'. सुप्रसिद्ध, ख्यातनाम, अग्रगण्य, अद्वितीय, जागतिक दर्जाचा, अत्याधुनिक, क्रांतिकारक ही सारी पिसारा फुलवून नाचणारी जात. दुसरी जात त्याहून धूर्त. तिला त्यांनी लहानशा भोकातूनही निसटणाऱ्या वीझल नावाच्या प्राण्याचे नाव दिले. आपण त्यांना सटकू शब्द म्हणू. 'असे मानले जाते', 'जाणकारांच्या मते', 'सर्वत्र कौतुक होत आहे'. कोण मानते? जाणकार कोण? सर्वत्र म्हणजे कुठे? नेमके विचारायला गेले की शब्द सटकतो. मोर निदान दिसतो तरी. सटकू शब्द दिसतही नाही.

आता कोणी म्हणेल, हा सारा अभिरुचीचा मामला आहे. कोणी थोडे फुगवून लिहिले तर कुणाचे काय गेले? तर काय जाते ते चार उदाहरणांनी सांगतो.

पहिले उदाहरण हसण्याचे. एप्रिल २०१७ मध्ये बर्गर किंग या अमेरिकन खाद्यपेढीने दूरचित्रवाणीवर पंधरा सेकंदांची जाहिरात दिली. तीतला नोकर गूगलच्या यंत्राला उद्देशून विचारतो, की व्हॉपर बर्गर म्हणजे काय? त्यासरशी प्रेक्षकांच्या दिवाणखान्यांत ठेवलेली बोलकी यंत्रे जागी होत आणि विकिपीडियातल्या त्या लेखाचे पहिले वाक्य मोठ्याने वाचून दाखवत. आणि ते पहिले वाक्य जाहिरात येण्यापूर्वीच कोणीतरी जाहिरातीच्या गोड भाषेत बदलून ठेवले होते! पण दार सर्वांना उघडे असते. काही खोडकरांनी त्याच वाक्यात बर्गरमध्ये सायनाइड असल्याचे लिहून टाकले. काही तासांतच गूगलने ती हाक बंद केली. कोशाच्या संपादकांनी वाक्य पुन्हा सरळ केले. जाहिरातदाराने विहिरीत साखर टाकली म्हणजे दुसऱ्याला विष टाकायची वाट दिसते, एवढा बोध यातून घ्यावा.

दुसरे उदाहरण चित्रांचे. २०१९ साली ब्राझीलमध्ये द नॉर्थ फेस या गिर्यारोहणाचे कपडे विकणाऱ्या कंपनीसाठी जाहिरातसंस्थेने एक युक्ती केली. प्रसिद्ध स्थळांच्या लेखांतली छायाचित्रे काढून तिथे त्याच स्थळांची नवी छायाचित्रे घातली; फक्त त्यात कंपनीचा कोट किंवा पाठीवरची पिशवी दिसेल अशी. एक विशेषणही लिहिले नाही. नंतर त्यांनी ही करामत मोठ्या अभिमानाने जाहीर केली, संपादकांनी ती चित्रे उतरवली, आणि कंपनीने माफी मागितली. म्हणजे प्रचार शब्दांतूनच येतो असे नाही.

तिसरे उदाहरण हप्तेबाजीचे, आणि तो शब्द मी मोजून वापरतो आहे. २०१५ च्या ऑगस्टअखेर विकिपीडियाने ३८१ खाती एकदम बंद केली आणि त्यांनी लिहिलेले २१० लेख काढून टाकले. ही टोळी करी काय? एखाद्या लहान व्यावसायिकाचा किंवा उदयोन्मुख कलावंताचा लेख संपादकांनी नाकारला की टोळीतला माणूस त्याला गाठी. मी कोशातला जुना जाणता संपादक आहे, अमुक रक्कम द्या, लेख लावून देतो, असे सांगे. लेख लागला की पुढे दरमहा पैसे. लेख पुसला जाऊ नये म्हणून! आपल्याकडे हातगाडीवाल्याला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. ज्यांच्या लेखात स्तुती होती तेच इथे लुबाडले गेले, हे ध्यानात घ्या.

चौथे उदाहरण आपल्या देशातले, आणि आईबापांनी कान देऊन ऐकावे असे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट या संस्थेच्या वर्तमानपत्री जाहिराती एके काळी पानेच्या पाने भरून येत. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला आपल्या अभ्यासक्रमांसाठी एम.बी.ए., बी.बी.ए., बिझनेस स्कूल अशी नावे वापरण्यास मनाई केली. जाहिरात होती तोवर ती चौकटीत होती. पण विकिपीडियावरचा तिच्याविषयीचा लेख तरी तटस्थ होता का? फेब्रुवारी २०१५ मध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीने एका टोपणनावाच्या संपादकाला कोशातून बाहेर काढले. तो साधासुधा संपादक नव्हता, प्रशासकाचे अधिकार मिळालेला होता. आणि या संस्थेशी निगडित लेखांतले त्याचे वागणे तटस्थतेच्या नियमांना सोडून असल्याचे समितीने ठरवले. त्या मधल्या वर्षांत किती घरांत बारावीनंतरची ती बैठक भरली असेल! बाप फीचा आकडा पाहतो आहे, आई आपल्या बांगड्यांकडे पाहते आहे, आणि मुलगा सांगतो आहे, 'बाबा, ही जाहिरात नाही हो, हे विकिपीडियात आहे.' बापाने चौकटीवर विश्वास ठेवला नव्हता. त्याने कोशावर ठेवला. अभिरुचीचा मामला म्हणता तो हा!

यावर उपाय काय? कोशकारांनी पुष्कळ शोधले आहेत, आणि ते समजायला अवघड नाहीत.

पहिला नियम असा की माणूस किंवा संस्था स्वतःविषयी काय म्हणते यावर लेख उभा करायचा नाही. तिच्याशी ज्यांचे लागेबांधे नाहीत अशांनी, तपासून, छापून काय म्हटले आहे ते पाहायचे. अशी साक्ष नसेल तर लेखच नको. दुसरा नियम, पैसे घेऊन लिहायचे तर ते उघड सांगायचे. २०१४ पासून विकिमीडिया प्रतिष्ठानच्या वापर-अटींतच ते घातलेले आहे. तिसरी एक छोटी कळ. २००७ पासून इंग्रजी विकिपीडियातल्या बाहेरच्या दुव्यांवर अशी खूण असते, की शोधयंत्रांनी ते दुवे गुणांकनात धरू नयेत. आपल्या दुकानाचा दुवा कोशात चिकटवून शोधयंत्रात वर चढायचा मार्ग त्यामुळे अरुंद झाला. मोह कमी केला की पाप कमी होते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. संगणकवाल्यांना ते मागाहून समजले.

पण पहिल्या नियमातच एक मेख आहे. त्रयस्थ साक्ष म्हणजे बहुधा वर्तमानपत्र. आणि वर्तमानपत्रातच जाहिरात बातमीचे सोंग घेऊन आली तर? २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत नेमके हेच घडले. एकाच नेत्याच्या स्तुतीचा एकच मजकूर, अक्षरही न बदलता, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वर्तमानपत्रांत छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिले. प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली, २०१० साली अहवाल झाला, 'पेड न्यूज' हा शब्द घरोघर पोचला. उद्या कोणी त्या मजकुराचा हवाला देऊन कोशात लिहिले की हे नेते म्हणजे नवयुगाचे शिल्पकार, तर हवाला खरा आणि विधान खोटे! म्हणून चांगला संपादक नुसते छापून आले आहे का एवढेच पाहत नाही. बोलणारा कोणाचे मीठ खाऊन बोलतो आहे हेही पाहतो.

आणि आता तर आणखी एक मंडळी आली आहेत. प्रश्न विचारला की बसल्या जागी उत्तर रचून देणारी यंत्रे. ती ज्या अफाट मजकुरावर शिकली त्यात विकिपीडियाही आहे. कोशातले एक फुगीर वाक्य त्यांनी गिळले, की ते पुढे कुठल्या स्वरात, किती ठिकाणी बाहेर पडेल, आणि तेव्हा त्याच्या भोवती चौकट असेल का, कोणी सांगावे?

एवढे वाचून एखाद्याला वाटेल की स्तुती हा पैशाचाच खेळ आहे. तसे नाही. स्तुती प्रेमापोटीही होते, आणि ती अधिक अवघड असते.

नाशिकला पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहनकालीन एक शिलालेख आहे. गौतमी बलश्री या राजमातेने ते लेणे भिक्षुसंघाला दान दिले, त्याचा तो लेख. तिचा नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षातला. त्यात ती आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण सांगते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले, त्याने क्षहरातांचा वंश निर्मूल केला, तो असा होता, तसा होता. मुलाच्या मागे राहिलेली आई बोलते आहे. तिच्यापाशी कोण पुरावा मागणार?

कोशकाराने मागायचा असतो. आणि इथे पाहा काय झाले ते! १९०६ साली नाशिक जिल्ह्यातच जोगळटेंभी येथे क्षहरात राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी. त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे. शत्रूची नाणी हाती येऊन त्यांवर आपला छाप मारणे, याहून विजयाची रोखठोक साक्ष कोणती? नाण्याला आईचे प्रेम नाही की दरबाराची भीड नाही. तेव्हा क्षहरातांच्या पराभवाची गोष्ट कोशात विधान म्हणून जाते. तीन समुद्रांची गोष्ट 'शिलालेखात असे म्हटले आहे' या शब्दांनिशी जाते. आईचा शब्द खोडला नाही, तिची टिंगल केली नाही. फक्त कोण बोलले ते सांगितले आणि नाणे शेजारी ठेवले. प्रचारभाषा कोशाबाहेर ठेवण्याची सारी विद्या एवढ्यात आली.

इथे एक खुलासा करायला हवा. कोशातून स्तुती काढा म्हणजे तिथे निंदा भरा, असा याचा अर्थ नव्हे. काही उत्साही मंडळी पिसारा उपटायला बसतात ती मोराचे कातडेही सोलतात. ज्या फूटपट्टीने स्तुती मोजायची तिनेच टीका मोजायची. 'वादग्रस्त' हे विशेषणही 'सुप्रसिद्ध' याचेच चुलतभावंड. वाद कोणता, कधी, कोणामध्ये झाला ते सांगा, नाही तर शब्द मागे घ्या.

मराठीची म्हणून आणखी एक पंचाईत आहे. आपण माणूस गेला असे लिहीतच नाही. त्यांची प्राणज्योत मालवते, त्यांना देवाज्ञा होते, ते अनंतात विलीन होतात. जन्मही साधा होत नाही. पुण्यभूमीत, शूरांच्या मातीत, संस्कारसंपन्न कुटुंबात होतो. गावातला नेता 'मा.', सभेतला 'आदरणीय', आणि न्यूटन बिचारा 'तो'! आदरार्थी बहुवचन ही आपल्या भाषेची शोभा आहे, ते सोडायचे कारण नाही. 'त्यांचा जन्म' आणि 'त्यांचा मृत्यू' यांत पुरेसा आदर आहे. पदव्यांचेही तसेच. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतरत्न आणि पद्म पुरस्कार वैध ठरवले, पण ते नावाच्या आगेमागे उपाधीसारखे लावता येणार नाहीत हेही स्पष्ट केले. पुरस्कार मिळाला त्याचे साल लिहा. ती माहिती झाली. नावाला चिकटवला की ते तोरण झाले.

'मग जे खरोखरच थोर आहेत त्यांना थोर म्हणायचेच नाही काय?' हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. एक प्रयोग करून पाहू.

'भारतरत्न महर्षी धोंडो केशव कर्वे हे थोर, द्रष्टे, निःस्वार्थी समाजसुधारक होते. स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात त्यांचे योगदान अतुलनीय आहे.' यातला एकही शब्द खोटा नाही. तरी वाचून मन तसूभरही हलत नाही.

आता हे वाचा. 'धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली झाला. ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याबद्दल मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला. कॉलेजात शिकवायला ते हिंगण्याहून पायी येत. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली, वयाच्या १०५व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.'

एकही विशेषण नाही. पण 'विद्यार्थिनी होत्या पाच' इथे आल्यावर वाचणारा क्षणभर थांबतो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पाच मुली घेऊन विद्यापीठ काढतो! थोर हा शब्द वाचकाच्या मनात आपोआप उमटतो, आणि तो त्याचा स्वतःचा असतो. आपण छापून दिलेला थोर हा शब्द त्याच्या हातून हा आनंद काढून घेतो. विशेषण वाचकाचे काम आगाऊ करून टाकते, आणि तेही वाईट करते.

हाच प्रश्न एका घरात कसा सुटला ते सांगतो. नावे महत्त्वाची नाहीत. एका निवृत्त आजोबांनी आपल्या वडिलांवर दोन पाने लिहिली आणि विकिपीडियात लिहिणाऱ्या नातीच्या हाती दिली. वडिलांनी कोकणातल्या गावात शाळा काढली होती. पाने सुवाच्य, भाषा भरजरी. नातीने ती दोनदा वाचली.

"आजोबा, 'शिक्षणमहर्षी' कोण म्हणायचं त्यांना?"

"अगं, सगळा गाव म्हणायचा!"

"कुठं छापून आलंय?"

"छापायला गावात छापखाना होता कुठं?"

"बरं. शाळा कोणत्या साली काढली?"

आजोबा थांबले. "स्वातंत्र्याच्या आधी. नक्की साल... मी तेव्हा झालो नव्हतो."

"पहिल्या वर्षी मुलं किती होती?"

"ते अक्का सांगायची. अक्का जाऊनही आता चार वर्षं झाली."

"आणि मुली? मुलींना घेत होते?"

"घेत होते तर!" आजोबा एकदम सरसावून बसले. "पहिली मुलगी आमची अक्काच. तिला मुलग्यांच्या ओळीत बसवलं म्हणून आळीतल्या लोकांनी आमच्या घरी जेवायला यायचं सोडलं होतं. श्राद्धाला ब्राह्मण मिळेना. आई रडायची. वडील म्हणायचे, पानं दोन कमी वाढ, झालं!"

नात पाने उलटीपालटी करून पाहत राहिली. "आजोबा, हे यात कुठंच नाही!"

खरेच नव्हते. थोर होते, द्रष्टे होते, ज्ञानाची गंगोत्री होती, अक्का नव्हती.

नातीने आजोबांना खोटी आशा लावली नाही. त्रयस्थाने छापलेली साक्ष मिळाल्याशिवाय कोशात लेख बसणार नाही, हे तिने स्वच्छ सांगितले. आजोबा दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत. मग त्यांनीच शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र धाडले, की जुने जनरल रजिस्टर असल्यास पाहावे. काही आठवड्यांनी फोनवर एका पिवळ्या पानाचे छायाचित्र आले. साल होते. मुलांची नावे होती. आणि खालून तिसरे, वडिलांच्याच अक्षरात, अक्काचे. आजोबांनी दोन पाने फाडून नव्याने एकच पान लिहिले. ते कोशात गेले नाही. शाळेच्या स्मरणिकेत गेले, आणि तीच त्याची योग्य जागा होती.

कोशातल्या फुगीर भाषेचा सर्वांत मोठा तोटा मला इथे दिसतो. ती खोटे सांगते एवढाच तिचा अपराध नाही. ती खऱ्याची जागा अडवून बसते. ज्या ओळीत साल असायचे तिथे 'अविस्मरणीय' येऊन बसते, आणि सगळे निर्धास्त होतात, की चला, लिहून झाले! साल ठाऊक असलेले माणूस तेवढ्यात निघून जाते. विशेषणे कुठेही जात नाहीत. ती शब्दकोशात वर्णानुक्रमाने उभीच आहेत, पन्नास वर्षांनीही मिळतील. अक्का मिळत नाहीत.

तेव्हा वाचकहो, दिवाळीला चार पिढ्या एका पंगतीला बसतात. फराळ झाला की घरातल्या वडीलधाऱ्यांना कुणाची थोरवी विचारू नका. साल विचारा. भाडे किती होते, पहिला पगार किती मिळाला, घर सोडले तेव्हा सामानात काय होते, दुकानाच्या पहिल्या दिवशी काय विकले गेले, ते विचारा. उत्तर आले की तारीख घालून वहीत उतरवा, आणि कोणी सांगितले ते शेजारी लिहा. त्यातले कोशात किती जाईल हा पुढचा प्रश्न. आतषबाजी अंगणात होऊ द्या, वहीत नको.